शिक्का नको, वही आणा

मा. संपादक, स.न.

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गुड मॉर्निंगपेक्षा गूगल फॉर्म जास्त येतायत. कुणाच्या तरी पोराचं एमबीएचं डेझर्टेशन म्हणजे प्रबंध असतो, 'काका प्लीज भरा ना, दोनच मिनिटं', आणि उघडून बघावं तर तेच, ऑनलाइन शॉपिंगबद्दल तुम्ही किती समाधानी, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच गोल. ती पद्धत लाइकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये आणली, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण लोक घाईत सगळीकडे 'सहमत' दाबतात, कमी पडले तर पोरं स्वतःच दहावीस भरून टाकतात, आणि मग त्यावर रंगीत पाय चार्ट काढून इंदूरच्या ग्राहकाचं वर्तन ठरतं!

कॉलेजवाल्यांचा सगळा जीव प्लेजरिझमच्या, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्याच्या, टक्क्यात. यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. नियम चांगलाय, पण सॉफ्टवेअर वाक्यं जुळवतं, आकडे कुठनं आले ते त्याला काय कळणार.

अहो, गावात विषयांचा दुष्काळ पडलाय का? सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती वाढवली की त्याच ओट्यांवर रात्री भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबी. एका जागेवर दोन धंदे. आता भाडं कोण कुणाला देतं, देतं तरी का, करार तोंडी की कागदावर, तेलाचे डाग सकाळी कोण पुसतं, दागिनेवाल्याला ती गर्दी फायद्याची वाटते की डोक्याला ताप, हे कुणी चार रात्री तिथे बसून विचारून लिहिलं तर मी तरी आवडीने वाचेन. आणि आठदहा माणसांशी नीट बोलून लिहिणं ही पण रिसर्चची मान्य पद्धत आहे, शंभराचं सँपल लागतंच असं कुठाय.

मी सियागंजात, इथल्या घाऊक बाजारात, हिशेबाचं काम करतो. पोरं येतात ती लेटरहेडवर शिक्का मागायला, 'इंटर्नशिप केली असं लिहून द्या ना सर'. उधारी किती दिवसांची चालते, माल अडकला की शेठ काय करतात, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. अर्थात व्यापारी मंडळीही कमी नाहीत, पोरगं वही घेऊन आलं की इन्कम टॅक्सची धाड पडल्यासारखे गप्प.

म्हणून कॉलेजांनी डेझर्टेशनला भरलेले मूळ फॉर्म आणि भेटींची वही जोडायला लावावी, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न 'कुणाकुणाला भेटलास' हाच असावा, आणि जाताना पोरांच्या हातात एक साधं पत्र द्यावं, दुकानाचं नाव छापणार नाही अशी हमी देणारं. तेवढ्यावर आमच्याकडचे बरेच शेठ बोलतील.

– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर