०.७ टक्क्याचं काय झालं?

संपादक साहेब,
२०३० पर्यंत जगात कोणी उपाशी राहणार नाही असं यूएनमध्ये २०१५ ला ठरलं, पण २०२४ मध्ये पण ६७ कोटींच्या आसपास लोक उपाशीच होते. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत गरीब देशांना द्यायची हे तर १९७० लाच ठरलंय, नॉर्वे, स्वीडनसारखे मोजके सोडले तर बाकीचे नुसती भाषणं ठोकतात आणि अमेरिकेने तर २०२५ ला परदेशांना मदत देणारी आपली यूएसएड ही संस्थाच गुंडाळली. बरं मदत म्हणजे फक्त गव्हाची पोती नाही हो, शेतकऱ्याला पाणी, गोदाम आणि भाव मिळाला की तो आपला आपण उभा राहतो, हे लासलगावच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आणि आफ्रिकेतच कशाला, आपल्याच सुरगाणा-पेठची माणसं पोटासाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात, त्यांच्या पोरांच्या शाळेचं पण बघा की जरा.
- एक वाचक, नाशिक