विषय : जीपचं निकृष्ट काम, चुकीची बांधणी आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं खोटं प्रमाणपत्र

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,

तुमच्या ग्राहक विभागाशी आज शेवटचं बोलणं झालं. यापुढे फोन होणार नाही, जे काही असेल ते लेखी.

तुमच्याकडून तयार करून मागवलेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जीप ऑस्ट्रेलियातल्या डिपोत अडकून पडली आहे, आणि ती अडकली तुम्ही सही-शिक्का मारून दिलेल्या ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त’ प्रमाणपत्रामुळे. क्लचप्लेटचं लायनिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट प्रयोगशाळेत तपासलं, दोन्हींत अ‍ॅस्बेस्टॉस निघाला. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. किरकोळ प्रमाण चालून जाईल, गाडी जुनी म्हणून सोडून देतील, असं तिथे होत नाही, आणि कारवाई होते ती माल मागवणाऱ्यावर. हे तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही, कारण ‘ऑस्ट्रेलियासाठी खास तयारी’ म्हणून बिलात वेगळी रक्कम तुम्हीच लावली आहे. क्लचचा नमुना काढायला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस खाली उतरवावी लागली. त्या मजुरीचं बिल माझ्या नावावर फाटलं. ब्रेकचं लायनिंग मात्र नवं आणि स्वच्छ निघालं. म्हणजे बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं सामान कुठे मिळतं हे तुमच्या कारागिरांना माहीत होतं. जे चाक काढलं की दिसतं ते बदललं, जे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणात लपतं ते तसंच ठेवलं.

आता आजचा फोन. तुमच्या माणसाला मी साधा प्रश्न विचारला : क्लचप्लेट कुठल्या बनावटीची बसवली?

“ओरिजिनल आहे सर.”

ओरिजिनल म्हणजे महायुद्धाच्या काळातला जुना साठा का?

“हो सर, एकदम ओरिजिनल. पॅकबंद होती, आम्हीच फोडली.”

मी म्हटलं, मग त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असणारच, त्या काळी क्लच आणि ब्रेकची लायनिंग त्याचीच बनायची. त्यावर उत्तर आलं, “सर्टिफिकेटवर नाही लिहिलंय ना सर, मग नाहीये.” प्रयोगशाळेचा अहवाल तुम्हाला ई-मेलने पाठवला आहे, तो उघडा, असं सांगितलं. त्याने तो उघडला नाही. मला थांबायला सांगून लाइनवर संगीत लावलं, बऱ्याच वेळाने परत आला आणि विचारलं, “गाडी स्टार्ट होते ना पण?” गिअरबॉक्स उतरवून जमिनीवर ठेवलेली गाडी! ते सांगितल्यावर म्हणाला, “सर, ऐंशी वर्षांची गाडी आहे. नवी पाहिजे होती तर शोरूममध्ये जायचं.”

जुनी गाडी मला हवी होती म्हणूनच तुमच्याकडे आलो. जुन्या गाडीचं काम येतं असं सांगून तुम्ही पैसे घेतलेत. तुमच्या नोकराने मला माझी निवड शिकवायची नाही.

बाकीचं काम त्याच लायकीचं आहे. टबच्या, म्हणजे जीपच्या पत्र्याच्या उघड्या बॉडीच्या, मागच्या फरशीखाली ज्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्या पोकळीत मूळ बांधणीतच लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. या जीपचा टब सडतो तो तिथूनच. नीट काम करायचं तर पट्टी कापून काढायची, कुजलेलं लाकूड फेकायचं, आत गंजरोधक मारून कोरडं, प्रक्रिया केलेलं लाकूड बसवायचं आणि मगच नवी पट्टी वेल्ड करायची. तुमच्या लोकांनी वरून पत्र्याचा तुकडा ठोकला, त्यावर पुट्टी थापली आणि ऑलिव्ह रंग फवारला. जैवसुरक्षेच्या, म्हणजे बाहेरची कीड आणि माती रोखायच्या, तपासणीत पट्टीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि भुसा सांडला. चासीच्या रेल्समध्ये माती तशीच होती. पाठवण्याआधी वाफेने धुणं हे तुमच्याच कोटेशनमध्ये लिहिलं आहे.

विजेचं काम तर मूलभूत चूक आहे. ही गाडी सहा व्होल्टची. तेवढीच ताकद निम्म्या व्होल्टेजवर द्यायची तर करंट दुप्पट लागतो, म्हणून बॅटरी ते स्टार्टर आणि अर्थिंगची केबल जाड लागते. तुम्ही बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली आहे. इंजिन गरम झालं की स्टार्टर रडतो, आणि मग दोष बॅटरीला. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडचे आटे उलटे असतात हेही कोणाला ठाऊक नव्हतं. नेहमीच्या दिशेने नट फिरवायची गन लावून दोन स्टड पिळून टाकले आहेत.

कंटेनरमधली बांधणी पाहून राग आवरत नाही. १,१०० किलोच्या आसपासची गाडी तुम्ही टबच्या हाताने धरायच्या कड्यांना पट्टे अडकवून बांधलीत. जहाज हललं की पाट्याच्या स्प्रिंग दबतात, पट्टा सैल होतो, आणि पुढच्या झटक्याला सगळा भार त्या कडीवर येतो. उजवी मागची कडी पत्र्यासकट उपटून आली आहे. पट्टा अ‍ॅक्सलला घालायचा, चाकाच्या पुढे-मागे लाकडी गुटके खिळ्यांनी फरशीला ठोकायचे, एवढं साधं काम. गुटके होते, पण कीड मारायच्या उष्णता-प्रक्रियेचा शिक्का नसलेले, म्हणून त्यांची वेगळी विल्हेवाट आणि तिचाही खर्च. विमा कंपनीने हात वर केले, कारण अपुऱ्या बांधणीचं नुकसान सागरी विम्याच्या नेहमीच्या अटींत बसत नाही.

कागदावर गाडी ‘विलीज एमबी’, म्हणजे विलीज कंपनीने बनवलेली जीप, आहे. डॅशबोर्डवर विलीजची नवीकोरी पट्टीही तुम्ही रिव्हेट केली आहे. पण चासीचा पुढचा आडवा दांडा विलीजसारखा नळीचा नाही, उलट्या यू आकाराचा आहे, आणि डाव्या रेलवर इंजिनच्या माउंटजवळ ‘जीपीडब्ल्यू’, म्हणजे फोर्डने बनवलेल्या याच जीपचा, क्रमांक ठोकलेला आहे. ही फोर्ड आहे. फोर्ड असायला माझी हरकत नव्हती, खोटं सांगायला आहे.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. क्लच, हेड आणि मॅनिफोल्ड गॅस्केटचा बिनअ‍ॅस्बेस्टॉसचा संच, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालासह; तुमच्या सहीचा कागद मी आता धरणार नाही. चासी क्रमांकाप्रमाणे दुरुस्त केलेलं इन्व्हॉइस. डिपोचं भाडं, तपासणी, मजुरी, टबचं काम आणि केबल यांचा पूर्ण खर्च. आणि ते अ‍ॅस्बेस्टॉसचं प्रमाणपत्र कोणी, कशाच्या आधारावर दिलं याचं लेखी उत्तर. ते प्रमाणपत्र खोटं आहे हे मी पुन्हा लिहितो, कारण तुमच्या माणसाने ते आजही मान्य केलं नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वकिलामार्फत नोटीस येईल. तिच्यासोबत प्रयोगशाळेचा अहवाल, उपटलेल्या कडीचे फोटो आणि तुमचं कोटेशन जोडलेलं असेल.

तुमचा ग्राहक