वाजवणं सुटलेलं नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शिकवायची नोकरी घेतलीस म्हणजे वाजवणं सुटलं का? नाही सुटलं. क्वार्टेट, म्हणजे आमचा चौघांचा वाद्यगट, चालू आहे, ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं की तिथेही जाणार. पण तुमच्या आवाजात काळजी होती, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा व्हिओला व्हायोलिनसारखाच, पण थोडा मोठा; त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली लावतात. त्या स्वरांना पुरेल एवढं अंग द्यायचं तर तो व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे साधारण 53 सेंटिमीटर लांब हवा. तेवढं वाद्य हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून तो 40-42 सेंटिमीटरवर थांबतो. त्याचा तो किंचित घोगरा, खोल आवाज या तडजोडीतूनच येतो आणि मला तो जिवापाड आवडतो. पण खालची सी तार उशिरा बोलते. तिच्यावर जोर करून चालत नाही. हाताचं वजन गजावर सोडायचं आणि गज सावकाश ओढायचा. माझ्याकडची बहुतेक मुलं व्हायोलिनवरून आलेली. गज हलका आणि भरभर चालवायची त्यांची सवय, त्यामुळे स्वर पातळ निघतो. हे तोंडी सांगून कळत नाही, वाजवून दाखवावं लागतं. दाखवायचं तर माझा हात तयार हवा, म्हणजे रियाझ आला आणि कार्यक्रमही आलेच.

आमच्या वाद्यात वाजवणं आणि शिकवणं या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. इंग्लंडचे व्हिओलावादक लायोनेल टर्टिस (1876–1975) तरुण होते तेव्हा व्हायोलिनमध्ये मागे पडलेल्यांच्या हाती व्हिओला दिला जाई. त्यांनी तो एकल वादनासाठी मंचावर आणला, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकवलं, संगीतकारांकडून नव्या रचना मिळवल्या. इंग्रज संगीतकार वॉल्टनचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) मात्र त्यांनी आधी नाकारला. 1929 मध्ये तो पहिल्यांदा वाजवला हिंडेमिटने, जो स्वतः संगीतकारही होता. पुढे टर्टिसना त्या नकाराचा पस्तावा झाला आणि त्यांनीही तो वाजवला. व्हिओलावादक विल्यम प्रिमरोझने मागणी केली म्हणून हंगेरियन संगीतकार बार्टोक व्हिओलासाठी लिहायला बसला. 1945 मध्ये तो गेला तेव्हा मागे नुसता कच्चा आराखडा उरला होता. बार्टोकचा मित्र सेर्ली याने तो पुरा केला आणि 1949 मध्ये प्रिमरोझने वाजवला. प्रिमरोझनेही पुढे बरीच वर्षं शिकवलं. वाजवणाऱ्यांनी मागितलं आणि पुढच्यांना शिकवलं, म्हणून आज माझ्यापुढे वाजवायला एवढं आहे. शिकवायला लागले म्हणजे मी मागे सरले, असं मला मुळीच वाटत नाही.

आई, खांद्याचं म्हणशील तर आता थोड्या लहान अंगाचा व्हिओला घेतलाय. सी तारेला जरा कमी भराव मिळतो, पण हात मोकळा राहतो. मुलांनाही पहिल्या दिवसापासून तेच सांगते: दुखलं की थांबायचं.

पुढच्या कार्यक्रमात मोझार्टची 1779 ची सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते, म्हणजे व्हायोलिन, व्हिओला आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, आहे. त्यात व्हिओला व्हायोलिनच्या बरोबरीने बोलतो. तो उजळ वाजावा म्हणून मोझार्टने त्याच्या तारा अर्ध्या स्वराने चढवून लावायला लिहिलंय. हल्ली बहुतेक जण तसं करत नाहीत. मी करणार आहे. वर्गात दोन्ही प्रकारे वाजवून दाखवलं, तर मुलांचे दोन तट पडले आणि वाद अजून मिटलेला नाही. रेकॉर्डिंग पाठवते. बाबा, दुसरा भाग आधी ऐका, आणि तुम्ही कुठल्या तटात ते कळवा.

तुमची,
धाकटी