आर्किमिडीजचे आरसे आणि आपली पैज

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू एवढा ठासून म्हणालास ना, की त्या ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजने सिसिली बेटावरच्या आपल्या सिराक्यूज शहराच्या वेढ्यात आरशांनी रोमन जहाजं जाळली हे सिद्ध झालंय आणि मी उगाच शहाणपणा पाजळतोय, वर मिसळीची पैजही लावलीस, ते डोक्यातून जाईना. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून चक्क पत्र लिहितोय. आता मध्ये तोंड घालता येणार नाही तुला.

आधी माझा उद्योग ऐक. रविवारी सकाळी गच्चीवर गेलो, बेसिनवरच्या कपाटाचा निघालेला आरसा आणि बायकोच्या पर्समधला छोटासा आरसा घेऊन (विचारून घेतला, शप्पथ). समोरच्या बिल्डिंगची मागची भिंत आमच्यापासून तीस मीटर तरी असेल, तिच्यावर कवडसा पाडला. आरसा चौकोनी, वीतभरही नाही, आणि कवडसा पडला तो गोल आणि परातीएवढा! मग पर्समधला धरला, तर त्याचा कवडसाही जवळपास तेवढाच, फक्त एकदम फिका. तेव्हा ट्यूब पेटली. सूर्य म्हणजे ठिपका नाही ना, आपल्याला तो अर्ध्या अंशाची थाळी दिसतो, त्यामुळे सपाट आरशातून परत फिरलेला प्रकाश अंतराच्या साधारण एकशेआठाव्या हिश्श्याइतका पसरणारच, आरसा कितीही चकचकीत घासला तरी. तीस मीटरवर 28 सेंटीमीटर, पन्नास मीटरवर 46. शाळेत तू भिंगाने माझ्या भूगोलाच्या वहीला भोक पाडलंस ते चार इंचावरून, तिथे सूर्याचा ठिपका जेमतेम एक मिलिमीटरचा होता. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर त्या मोठाल्या थाळ्या बघितल्यास ना, सूर्यावर वाफ करणाऱ्या, त्यांचंही तेच, ऊन गोळा होतं ते थाळीच्या पुढ्यातच, शंभर पावलांवरच्या जहाजावर नाही.

आणि दुसरी गंमत म्हणजे तो कवडसा जागेवर राहीना. आरसा कठड्याला टेकवून चहा आणायला गेलो, दोन-तीन मिनिटांत आलो तर पठ्ठ्या वीतभर सरकलेला. म्हणजे एका आरशाला एक माणूस, त्याने सतत हात हलवत राहायचं, असे शेदीडशे जण आणि सगळ्यांचे कवडसे एकमेकांत मिसळलेले, आपला कुठला तेही कळत नाही. समोर वल्ह्यांवर चाललेलं जहाज. बघ बाबा.

आता तू म्हणशील प्रयोग झालेत की. झालेत, मी कुठे नाही म्हणतोय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1637 मध्ये ही गोष्ट उडवून लावली होती, आणि फ्रान्समध्येच 1747 ला ब्युफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने 168 आरशांची चौकट बनवून दीडशे फुटांवरचं लाकूड पेटवून दाखवलं. तुझा लाडका तो 1973 चा ग्रीक प्रयोग, इओआनिस साक्कासचा, अथेन्सजवळच्या नौदलाच्या तळावर. माणसापेक्षा जरा कमी उंचीचे सत्तर आरसे, तांब्याचा मुलामा दिलेले, पन्नास मीटरवर प्लायवूडचं खोटं जहाज, आणि ते पेटलंही पटकन. पण लाकडाला डांबर फासलेलं होतं हे तू सांगत नाहीस! 2005 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पोरांनी फूटभराचे 127 आरसे लावले, तीस मीटरवर ओकच्या लाकडाचा सांगाडा, ढग जायची वाट बघत बसले, आणि आकाश मोकळं झाल्यावर दहाएक मिनिटांनी जाळ लागला. जहाज जागचं हललेलं नव्हतं. मग तोच प्रकार सॅन फ्रान्सिस्कोत पाण्यातल्या खऱ्या होडीवर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर केला तर जरा काळं पडलं, चिमूटभर ज्वाळा निघाली, बस. 2010 ला तर ओबामांनी सांगितलं म्हणून त्याच टीव्हीवाल्यांनी पाचशे पोरं आरसे घेऊन उभी केली, तरी शीड पेटलं नाही.

म्हणजे मी काय म्हणतोय कळलं का. लाकूड आरशाने पेटतं, मान्य. पण जो सेनापती तटावर उभा आहे त्याच्याकडे तेवढ्याच अंतरावर जाणारे पेटते बाण आहेत, ढग असो की रात्र. आणि सिराक्यूजचा समुद्र पूर्वेला, म्हणजे ऊन सोयीचं मिळणार ते सकाळी. रोमनांनी दुपारी यायचं ठरवलं तर काय करायचं, उद्या या म्हणायचं?

पण खरा घोळ यात नाहीच, तो लिहिणाऱ्यांत आहे. वेढा पडला ख्रिस्तपूर्व 213 च्या सुमारास, शहर पडलं 212 ला, रोमन सेनापती मार्सेलस. सगळ्यात जवळचा लेखक पॉलिबियस, वेढ्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेला, युद्धाच्या यंत्रांची भारी आवड असलेला माणूस, आणि तो काय काय सांगतो बघ: तटाला माणसाच्या उंचीवर भोकं, बाहेरून तळहाताएवढीच रुंद, आतून तिरंदाज. लांबचं आणि जवळचं मारायला वेगवेगळ्या मापाची दगड फेकणारी यंत्रं. सगळं बारीकसारीक. आरसे? एक अक्षर नाही. रोमन इतिहासकार लिव्हीत नाही, चरित्रकार प्लुटार्कमध्येही नाही. आग पहिल्यांदा येते ती लेखक लुसियन आणि वैद्य गॅलन या दोघांत, पावणेचारशे वर्षांनी, आणि तिथेही गॅलनचा शब्द 'पेटवायचं साधन' एवढाच, त्यात निखाऱ्याचं मडकंही बसेल. आरसे स्पष्टपणे येतात सहाव्या शतकात अँथेमियसकडे, हा कोण तर इस्तंबूलचं आया सोफिया बांधणारा, स्वतः आरशांच्या भूमितीतला माणूस. त्याने ऐकीव गोष्ट धरली आणि हे कसं जमलं असेल याचं गणित मांडलं, चोवीस तरी आरसे लागतील म्हणाला. मग बाराव्या शतकात झोनारस आणि त्झेत्झेस हे बायझंटाइन लेखक, यांच्याकडे सगळं तिखटमीठ लावून तयार! आपल्याकडे घटनेच्या काळातलं पत्र वेगळं आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर वेगळी हे तूच मला कॉलेजात ऐकवायचास ना, मग ग्रीकांना सूट का रे?

मला खरी चीड याची येते की या आरशांपायी त्याचं खरं हत्यार मागे पडलं. तो लोखंडी पंजा! तटावरून मोठा वासा बाहेर यायचा, त्याच्या टोकाला साखळी, साखळीला पंजा. तो जहाजाची नाळ पकडायचा, मग आत वाशाचं दुसरं टोक खाली दाबायचे आणि जहाज शेपटावर उभं, अक्षरशः उभं, वल्हेकरी आत घसरतायत. मग साखळी एकदम सोडून द्यायची. काही जहाजं कुशीवर, काही उलटी, बाकीची पाण्याने भरलेली. लिव्ही त्यात शिशाचं वजनही सांगतो. तरफ आणि प्रतिभार, हा तर आर्किमिडीजचा रोजचा विषय. त्या यंत्राचा तुकडाही जमिनीतून निघालेला नाही, हे तू म्हणायच्या आत मीच सांगतो, पण जवळच्या लेखकाने लिहिलंय आणि ते चालण्यासारखं आहे. मार्सेलसने स्वतःचीच टर उडवलेली, की हा बाबा माझ्या जहाजांनी समुद्राचं पाणी उपसतोय, पेल्यांनी उपसावं तसं. पुढे पुढे तटावरून नुसता दोर किंवा लाकूड डोकावलं तरी रोमन शिपाई पळत सुटायचे.

आणि शहर पडलं ते कसं? वाटाघाटीला गेलेल्या रोमनांनी एका बुरुजाचे दगड मोजून उंची काढली, आणि आर्टेमिस देवीच्या उत्सवात पहारेकरी पिऊन पडलेले असताना शिड्या लावल्या. आतला भाग पुढे काही महिन्यांनी फितुरीने पडला, आणि आर्किमिडीज त्या लुटीच्या गोंधळात एका शिपायाच्या हातून गेला. इतकं सगळं करून शेवटी दारू आणि फितुरी.

तेव्हा पैज मी जिंकली आहे, मिसळ तुझ्याकडे, एक्स्ट्रा तर्रीसकट. अजून पटत नसेल तर दिवाळीत ये, गच्ची आपलीच आहे, पन्नास आरसे तू आण, समोरच्या भिंतीवर खोका बांधतो. डांबर लावायचं नाही. आणि ते भिंग अजून असेल तर तेही आण, भूगोलाच्या वहीचा हिशोब राहिलाय.

तुझाच,
अव्या

ता.क. पर्समधला आरसा गच्चीवरच राहिला होता, रात्री पावसात भिजला. घरी सध्या वेढा पडलेला आहे.