समुद्रातून पकडलेला मासा नको, टँकमध्ये जन्मलेला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकवर लेख आला होता. लेख बाकी छान होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की खाऱ्या पाण्याचा टँक नवीन लावला की आधी दोनचार डॅमसेल म्हणजे प्रवाळातले लहान मासे सोडावे, ते टणक असतात आणि मेले तरी फार नुकसान नाही. ते वाचल्यापासून डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून लिहायला बसलो. नवीन टँकमध्ये माशाची घाण आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया तयार होतो, तो खाणारे बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर तो डॅमसेल त्या अमोनियात कल्ले जाळत जगतो म्हणून आपण त्याला टणक म्हणतो. अरे पण त्याची गरजच काय, मासळी बाजारातून आणलेला एक झिंगा टाकून ठेवला तरी अमोनिया होतो न, टेस्ट किटने बघत राहायचं, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग मासा आणायचा. मी तसंच केलं, मुलगी रोज विचारायची बाबा रिकाम्या पाण्याला लाइट कशाला लावला, पण दीड महिना थांबलो.

चूक मी दुसरीकडे केली. मासे घेताना ते कुठून आले हे विचारलंच नाही. इथल्याच एका दुकानातून क्लाउनफिशची जोडी आणली, तेच ज्याला सगळे निमो म्हणतात, आणि नवव्या दिवशी दोन्ही गेले. अंगावर पांढरट चिकट थर आला, धापा टाकून राहिले होते, खाणं तर पहिल्या दिवसापासून बंदच. नंतर दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, समुद्राचा माल आहे साहेब, दहातले चारपाच जातातच. माल! मुलीसमोर काय बोलावं समजलं नाही.

लोकांना वाटतं गप्पी, मॉली जसे फार्मवर तयार होतात तसेच हेही होत असतील. गोड्या पाण्याचे बहुतेक मासे खरंच पाळूनच तयार होतात, चेन्नईच्या कोलत्तूरमध्ये तर घराघरात हा धंदा आहे. खाऱ्या पाण्याचं उलटं आहे, बहुतेक जाती आजही प्रवाळातून पकडूनच आणतात. फिलिपिन्स, इंडोनेशियात तर सोडियम सायनाइडचं पाणी फवारून मासा गुंगवून पकडायची पद्धत 1960च्या दशकापासून चालत आली, कायद्याने बंदी असूनही. त्याने आजूबाजूचं प्रवाळ मरतं आणि मासा वरून ठणठणीत दिसला तरी आतून खराब झालेला असतो, दोनतीन आठवड्यांनी आपल्या घरी मरतो आणि आपण म्हणतो आपलंच पाणी बिघडलं असेल. बंगाई कार्डिनल नावाचा काळ्या पट्ट्यांचा सुंदर मासा आहे, तो मूळचा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांच्या आसपासचा, त्याला इतकं उपसलं की 2007 मध्ये तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत गेला. आणि हाच मासा घरी पैदास करायला सगळ्यात सोपा आहे! नर अंडी तोंडात धरून तीनएक आठवडे उपाशी राहतो आणि पिल्लं बाहेर येतात तीच इतकी मोठी की पहिल्या दिवसापासून आर्टेमिया म्हणजे झिंग्यासारखे बारीक जीव खातात.

क्लाउनफिशचं त्यापेक्षा थोडं अवघड आहे पण तेही काही नवीन नाही, अमेरिकेत 1970च्या दशकातच व्यापारी पैदास सुरू झाली होती आणि आपल्याकडे सीएमएफआरआय म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतल्या मंडपम केंद्राने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या कितीतरी जातींची पिल्लं तयार करून दाखवली. दक्षिणेतल्या अशाच पिल्लं तयार करणाऱ्या एका हॅचरीतून मी नंतर कुरियरने दोन लहान पिल्लं मागवली. पिशवीतून सोडल्यावर अर्ध्या तासात पेलेट खाल्ले. काचेला घाबरत नव्हती, हात दिसला की वर येत होती. टणक मासा म्हणायचा तर हा.

या जातीत सगळे नरच जन्मतात, दोन पिल्लं सोबत वाढवली की जे मोठं आणि दांडगट तेच पुढे मादी होतं, म्हणून जोडी जुळवायची भानगड नाही. माझ्याकडे सव्वा वर्षाने अंडी घातली, तीही फुटक्या माठाच्या तुकड्यावर जो मी आडोसा म्हणून टाकला होता. आधी केशरी ठिपके, चारपाच दिवसांनी करडे, मग बारीक चंदेरी डोळे दिसायला लागले. बाप दिवसभर पंखाने वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो, मी काचेजवळ बोट नेलं तर बोटावर यायचा. सत्तावीस डिग्रीला आठव्या रात्री, लाइट बंद केल्यावर तासदीड तासात पिल्लं बाहेर येतात, म्हणून त्याच संध्याकाळी तो तुकडा वेगळ्या टँकमध्ये हलवायचा आणि बापाच्या वाऱ्याऐवजी एअर पंपाचे बुडबुडे सोडायचे.

पहिली खेप पूर्ण गेली. पिल्लू तीनचार मिलिमीटरचं असतं, त्याला खायला रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव लागतो जो डोळ्यांना जेमतेम धुळीसारखा दिसतो, आणि पाण्याच्या दर मिलिलिटरमध्ये पाचदहा रोटिफर असले तरच त्याच्या तोंडाशी येतो. माझं रोटिफरचं कल्चर, म्हणजे घरी वाढवलेले रोटिफर, एकाच कॅनमध्ये होतं, ते तिसऱ्या दिवशी बसलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला तीन कॅन ठेवले, रोटिफरच्या खाण्यासाठी हिरव्या शेवाळाचं पाणी वेगळं, पाचव्या दिवसापासून हळूहळू आर्टेमिया. दहाव्या दिवशी सकाळी टॉर्च लावून पाह्यलं तर एकाच्या डोक्यामागे क्लाउनफिशचा पांढरा पट्टा आला होता, मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. सदतीस जगली.

लोक म्हणतात नागपूर समुद्रापासून एवढं लांब, त्यात पंचेचाळीसचं ऊन, इथे काय होणार. पाणी आरओचं, त्यात लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्री टँकसाठी मिळतं ते, स्वयंपाकाचं नाही, खारेपणा मोजायच्या मीटरवर घनता 1.025 आली की समुद्र तयार. उन्हाळ्याचं म्हणाल तर आपली कोरडी हवाच कामाला येते, जसा कूलर चालतो तसाच पाण्यावरून पंखा सोडला की दोनतीन डिग्री उतरतात, फक्त उडालेलं पाणी साध्या आरओनेच भरायचं कारण मीठ उडत नाही. मे मध्ये खोलीत कूलर आणि टँकवर पंखा असं दोन्ही लावतो. पावसाळ्यात मात्र दमट हवेत पंख्याचं काही चालत नाही, मी बर्फाच्या बाटल्या सोडतो. लाइट गेली की खरी धडधड, बॅटरीवरचा एअर पंप असलाच पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच की शहरातल्या दुकानदारांनी प्रत्येक खाऱ्या माशाच्या टँकवर हॅचरीचा की पकडलेला हे लिहावं आणि गिऱ्हाइकाने ते विचारल्याशिवाय पैसे काढू नये. हॅचरीचा महाग पडतो हे खरं आहे, पण माझे पहिले दोन नऊ दिवसांचेच पडले न. दुसरं, आपल्या गावात माफसू म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथे रोटिफर आणि शेवाळाचं स्टार्टर कल्चर सामान्य माणसाला थोड्या फीमध्ये मिळालं आणि दोनतीन दिवसांचं शिबिर झालं तर किती पोरं घरबसल्या हे करतील. मला ते कल्चर कुरियरने मागवावं लागलं, उन्हात दोनदा मेलेलंच आलं, तिसऱ्यांदा जगलं.

सदतीसपैकी तीस पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी झाली आहेत. ज्यांचा टँक पूर्ण तयार आहे आणि ज्यांनी अजून डॅमसेल टाकलेला नाही त्यांना मी जोड्या फुकट देणार आहे, सोबत रोटिफरची एक बाटली. कॉलेजला हवं असेल तर कल्चर त्यांनाही आणून देतो.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर