एकच बोट वाशिष्ठीत आणि जगबुडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळापूर्व तयारीवरच्या आपल्या बातमीत आम्हा हॅम रेडिओवाल्यांचा (सरकारी परवाना घेऊन हौसेने बिनतारी संपर्क करणाऱ्यांचा) उल्लेख आला, बरे वाटले. पूर आला तर बोटी आणि रुग्णवाहिका कुठे आहेत ते आता तालुक्याच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसणार, असे त्यात आहे. दिसतील. पण त्यांना नावे कोण देणार आणि कशी, हे ठरल्याशिवाय त्या पडद्याचा भरवसा धरू नये. म्हणून हे पत्र.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉकीटॉकीसारख्या सेटला जीपीएस जोडायचे. तो सेट आपले अक्षांश-रेखांश, एक चिन्ह आणि छोटीशी टीप यांचे पाकीट करून हवेत सोडतो. वेग १२०० बॉड, म्हणजे सेकंदाला १२०० बिट, कानाला नुसती क्षणभराची खरखर. ऐकणाऱ्या संगणकावर मात्र नकाशात ठिपका उमटतो. मोबाइलच्या टॉवरची गरज नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा फोनची काय अवस्था होती, हे चिपळूणकरांना मी सांगायला नको. (माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान त्याच बाजारात आहे.) या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. २०२२ साली ते वारले. हे निव्वळ गाड्यांचा माग काढायचे यंत्र नव्हे, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले, आणि लोक तेवढ्यासाठीच वापरत राहिले.

आता नावांचे. आम्हा परवानाधारकांना सरकारकडून कॉलसाइन मिळते, व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारी. ती माणसाची ओळख. नियंत्रण कक्षातल्या भाऊसाहेबांना तिचे काय करायचे? त्यांना गोवळकोटची बोट कुठवर आली एवढेच हवे असते. पाळी बदलून बोटीवर दुसरा माणूस चढला की कॉलसाइन बदलते, बोट तीच राहते. म्हणून कामापुरते नाव द्यायचे, बोट १, छावणी २ असे. त्याला टॅक्टिकल कॉलसाइन म्हणतात. माझा त्याला विरोध नाही, उलट आग्रहच आहे.

पण एका रंगीत तालमीत काय झाले ते ऐका. चिपळूणच्या चमूने सेटमध्ये थेट ‘बोट१’ भरले. त्याच दिवशी खेडच्या चमूनेही तेच भरले. कोणी कोणाला विचारले नव्हते. डोंगरावरच्या डिजिपीटरने (ऐकलेली पाकिटे पुन्हा हवेत सोडणाऱ्या सेटने) दोन्हीकडची पाकिटे इमानाने पुढे पाठवली. नकाशाला नाव तेवढे कळते. एका नावाचा एकच ठिपका. त्यामुळे आमची बोट वाशिष्ठीतून निघाली ती मिनिटभरात खेडच्या जगबुडी नदीत, की पुन्हा वाशिष्ठीत. मध्ये परशुराम आणि भोस्ते असे दोन घाट. बघायला आलेले एक साहेब म्हणाले, “तुमची बोट उडते वाटतं?” सगळे हसले. खऱ्या पुरात माळ्यावर बसून कोणी तिची वाट बघत असता, तर?

दुसरी गोष्ट कायद्याची. हौशी केंद्राने थोड्या थोड्या वेळाने आपली कॉलसाइन सांगितलीच पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम सांगतात. पाकिटाच्या माथ्यावर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी, नुसते ‘बोट१’ असले, तर ऐकणाऱ्याला कोण बोलतोय याचा पत्ता लागत नाही. एखादा सेट बिघडून सतत खरखर करीत राहिला आणि बाकीच्यांची पाकिटे त्याखाली चिरडली गेली, तर सेट बंद करा म्हणून फोन तरी कोणाला करायचा? ‘बोट१’ला?

त्यामुळे माझे म्हणणे असे की माथ्यावर परवान्याचीच कॉलसाइन ठेवावी आणि कामाचे नाव वरून चढवावे. छावणी, पाण्याचा टँकर उभा राहण्याची जागा, अशा न हलणाऱ्या ठिकाणांसाठी ‘ऑब्जेक्ट’ची, म्हणजे आपण नकाशावर ठेवलेल्या ठिपक्याची, सोय आहेच. त्यात नऊ अक्षरांपर्यंत नाव देता येते आणि पाठवणाऱ्याची कॉलसाइन आपोआप सोबत जाते. बोटी-गाड्यांच्या सेटमध्ये चालवणाऱ्याचीच कॉलसाइन राहू द्या. कुठली कॉलसाइन म्हणजे कुठली बोट, हे नियंत्रण कक्षातल्या संगणकात लिहून ठेवता येते. पाळी बदलली की ती नोंद बदलायची. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच त्यासाठी एक माणूस नेमावा. ‘जो मोकळा असेल तो करेल’ म्हटले की कोणीच करत नाही. तरीही कोणाला सेटमध्येच टॅक्टिकल नाव घालायचे असेल, तर टिपेत कॉलसाइन हवीच. शिवाय तिथे रोमन अक्षरे-आकडे मिळून सहाच मावतात, पुढे ० ते १५ मधला एक आकडा. गोवळकोट सहा अक्षरांत बसवताना कोणी जीव्हीकेटी लिहितो, कोणी जीडब्ल्यूकेटी. त्यापेक्षा आधी तालुक्याची दोन अक्षरे, मग काम, मग क्रमांक असे जिल्हाभर एकदाच ठरवावे.

ही यादी तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात मे महिन्यातच छापलेली असावी. पूर ओसरला की ऑब्जेक्ट आठवणीने पुसावेत, नाहीतर उठलेली छावणी नकाशावर तशीच राहते आणि भाकऱ्यांचा टेम्पो तिकडे जातो. यादीचा कच्चा मसुदा मी करून ठेवला आहे. कोणाला हवा असेल त्याने न्यावा. दुकान दुपारी १ ते ४ बंद असते.

आपला,
एक हॅम रेडिओवाला, चिपळूण