ओळख परेडीआधीच छापलेला चेहरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाजलेल्या गुन्ह्यांच्या बातम्यांवर आक्षेप घेतला की एक उत्तर हमखास मिळते : आपल्याकडे आता ज्यूरी, म्हणजे निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे पंचमंडळ, नाही; न्यायाधीश काही पेपर वाचून निकाल देत नाहीत. पाठोपाठ नानावटी खटल्याचा दाखला येतो. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नौदलाचे कमांडर नानावटी यांना, पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या खुनाच्या आरोपातून, निर्दोष ठरवले, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती. झटापटीत गोळी सुटली म्हणता, मग आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागचा हललाही कसा नाही, हा सरकारी पक्षाचा रोकडा सवाल ज्यूरीच्या गळी उतरला नाही. सत्र न्यायाधीश मेहता यांनी निवाडा न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे झालेली जन्मठेप १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

ज्यूरी गेली हे खरे, पण साक्षीदार कुठे गेले? अमेरिकेत ज्यूरी निवडताना ‘या प्रकरणाबद्दल काय वाचले आहे’ असे विचारून माणसे गाळतात. ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटाचा खटला तर १९९७ मध्ये थेट दुसऱ्या राज्यातल्या डेन्व्हर शहरात चालवला. ज्यूरी बदलता येते, घटना डोळ्यांनी पाहिलेला माणूस दुसरा आणता येत नाही.

मी न्यायालयात नोकरी केली आहे. पोलीस आरोपीला बुरखा घालून आणतात, तो उगीच नव्हे. ओळख परेडीत त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून साक्षीदाराने त्याला ओळखायचे असते. उलटतपासणीत आरोपीचे वकील शांतपणे विचारतात, ‘परेडीआधी पेपरात फोटो पाहिला होता?’ साक्षीदार सरळमार्गी असला तर म्हणतो, ‘हो साहेब.’ परेडीचे वजन तिथेच जाते. आरोपी खरा गुन्हेगार असेल तर तो सुटण्याची वाट आपण करून दिली. निरपराध असेल तर साक्षीदाराच्या मनात त्याचा चेहरा आपणच बसवला.

दुसरी गोष्ट ‘कबुली’ची. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ असा मथळा पोलिसांच्या पत्रकार परिषदेवरून पडतो. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे बातमीत कुठेच नसते. मग तो सुटला की लोक न्यायालयाला बोल लावतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनावरच्या निकालात, नेमक्या याच दोन गोष्टी टाळायला सांगितल्या : ओळख पटेल असा आरोपीचा फोटो आणि पोलिसांपुढच्या कबुलीला पुरावा भासवणे. दिल्लीतल्या जेसिका लाल खून प्रकरणात आरोपी सुटल्यावर पत्रकारांनी पाठपुरावा केला नसता तर ती फाइल बंदच राहिली असती, हे मी मनापासून मानतो. पण त्याच खटल्याच्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परेडीआधी फोटो छापण्याचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला आहे.

म्हणून आपल्याला विनंती : परेड होईपर्यंत चेहरा छापू नका. कबुलीची बातमी देताना ती पोलिसांपुढची आहे आणि पुराव्यात धरली जात नाही, हे त्याच बातमीत लिहा. आणि ज्याची अटक पहिल्या पानावर छापली, त्याची निर्दोष सुटकाही पहिल्याच पानावर द्या.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा